तख्ताखालची जमीन

१८ ऑक्टोबर १९९४, मंगळवार. दिवाळीला सोळा दिवस होते आणि मी बैठकीच्या खोलीतलं तख्त हलवायला घेतलं होतं.

तख्त म्हणजे लखनौकडे बैठकीला ठेवतात तो लाकडी चौरंगच, पण एवढा मोठा की वर चार माणसं आडवी झोपतील. आमचं तख्त आमचं नव्हतं, बंगल्याचं होतं. माझा नवरा सरकारी खात्यात इंजिनिअर, आणि छावणीच्या बाजूला आम्हाला मिळालेला बंगला इंग्रजांच्या वेळचा. तख्ताची खालची पट्टी जमिनीपासून जेमतेम चार बोटं उंच, त्यामुळे खाली झाडू जात नसे, फडकं जात नसे. आठ महिने तिथं कचरा साठला असणार, या विचाराने मला झोप येत नव्हती. मी तशीच आहे. मिरजेला माहेरी शहाबादी फरशी होती आणि ती पुसल्याशिवाय आई चुलीला हात लावत नसे.

तख्ताचा एकेक पाय पहारीने उचलायचा आणि मुलीने खाली दुमडलेलं पोतं सरकवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. मुलगी तेव्हा अकरावीत. चारही पायांखाली पोती गेल्यावर दोघींनी मिळून तख्त ओढलं. ते सहज सरकलं, कारण त्या खोलीची जमीन लाकडी होती. जुन्या सागाच्या फळ्या, एकीला एक लावून बसवलेल्या.

मुलगी आधी वाकली. लखनौमध्ये वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

"मम्मी, यहाँ तो एकदम नया है."

कचरा होता, तो मी झाडला. खाली फळ्या सपाट होत्या. नुसत्या सपाट नाही, आरशासारख्या. लाखेचं पॉलिश फेब्रुवारीत लावलं होतं तसंच्या तसं, मधाच्या रंगाचं. बाकीच्या खोलीत प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आलेल्या, मधे पन्हळीसारखा खोलगट भाग, आणि पॉलिशवर पांढुरके डाग. अनवाणी चाललं की पायाला धार लागायची. तख्ताच्या कडेशी तर रेघ ओढल्यासारखं दिसत होतं. रेघेच्या आत जमीन चांगली, बाहेर वाकडी.

सगळे म्हणत होते तसं लाकूड कच्चं असतं तर सगळीकडे वाकलं असतं. तख्ताला बघून थांबलं नसतं.

मुलगी जमिनीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, पोछा तो तख्त के नीचे जाता ही नहीं."

मी म्हटलं, "तू जा, अभ्यास कर."

आता आधीचं सांगते.

आम्ही राहायला आलो तेव्हा त्या खोलीतल्या निम्म्या फळ्या कुजल्या होत्या. जुन्या लखनौतल्या चौक भागातला एक वयस्क मिस्त्री लाकडी जमिनींचं काम करतो असं कळलं. तो आला, पायातल्या चपला व्हरांड्यात काढल्या, गुडघ्यांवर बसला आणि हाताच्या मुठीने जमीन ठोकत खोलीभर फिरला. वैद्य पोट तपासतो तसा. कुठली फळी ठेवायची, कुठली काढायची ते त्याने आवाजावरून ठरवलं. जुन्या इमारतींतून निघालेलं सागवान आणलं, ते महिनाभर आमच्याच व्हरांड्यात ठेवलं. मी विचारलं, बसवत का नाही? तो म्हणाला, "बीबीजी, मेहमान है. पहले घर की हवा तो पहचान ले."

बोलका माणूस. थोडा गर्विष्ठही. पानाने गाल फुगलेला असायचा आणि दुसऱ्या कोणाचंही काम त्याला पसंत पडत नसे. पण हात असा की मी स्वयंपाक सोडून बघत बसायची. फळीची कड दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवताना तो हातोडा फळीवर मारत नसे, मधे एक लाकडाचा तुकडा धरायचा. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने चढवली, हातावर हात, हातावर हात, आठ दिवस.

जाताना म्हणाला, "बस एक बात का खयाल रखिएगा. सूखा कपड़ा. पानी इसका दुश्मन है."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, पाणी कुणाचा शत्रू असतं होय? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी बादलीत फिनाइल टाकून फडकं भिजवलं आणि खोली पुसून काढली. कामवालीला मी फक्त झाडू देत असे. पुसणं माझं. तिचं पुसणं म्हणजे एका कोपऱ्यातली धूळ दुसऱ्या कोपऱ्यात.

मार्चपासून रोज. फडकं मी पिळत असे, पण घट्ट नाही. ओलं लागल्याशिवाय पुसल्यासारखं वाटत नाही. सप्टेंबरात गणपती आले. गणपती त्याच खोलीत बसवायचे, लखनौमधली सगळी मराठी कुटुंबं आरतीला यायची. आदल्या दिवशी मी दोन बादल्या पाणी ओतलं आणि खराट्याने पाणी तख्तापासून दाराकडे लोटत ती खोली धुतली. हो, धुतली. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गेलं तेव्हा मला बरंच वाटलं. पुसायला कमी उरलं.

विसर्जनानंतर आठवडाभरात कडा वर आल्या.

एवढ्यावर हे माझ्या घरापुरतं राहिलं असतं. पण आमच्या खात्याच्या क्लबचा हॉल होता, नाचाचा म्हणून बांधलेला, त्याचीही जमीन लाकडी आणि तीही कुजलेली. ती दुरुस्त करायची की उपटून टाइल्स बसवायच्या, हे कमिटीत चाललं होतं. टाइल्ससाठी लखनौजवळच्या चिनहटचा एक ठेकेदार मागे लागला होता. मार्चमध्ये मीच कमिटीतल्या लोकांना घरी बोलावून आमची जमीन दाखवली होती आणि म्हटलं होतं, हा मिस्त्री घ्या. मिस्त्रीला ते काम मिळालं असतं तर त्याचा पुढचा सगळा हिवाळा त्यात गेला असता. शिवाय छावणीतल्या दुसऱ्या बंगल्यांमध्येही जुन्या लाकडी जमिनी होत्या. क्लबचं काम बघून ती दारंही उघडली असती. त्याने मला तसं सांगितलंही होतं, जरा लाजत. त्या माणसाला मी लाजताना एकदाच पाहिलं.

सप्टेंबरच्या शेवटी क्लबचे सेक्रेटरी आणि कमिटीचे तिघे शेवटची पाहणी करायला आमच्याकडे आले. मिस्त्रीलाही बोलावलं होतं. सगळे वाकड्या फळ्यांवर उभे राहिले. मी चहाचा ट्रे घेऊन आले.

सेक्रेटरी म्हणाले, "भाभीजी, यह तो नाव बन गई."

दुसरे एक म्हणाले, "नाव क्या, पूरा बेड़ा है." सगळे हसले.

मिस्त्री हसला नाही. तो गुडघ्यांवर बसला, फळीच्या खोलगट भागावर तळवा ठेवला, पांढऱ्या डागावर नख फिरवून पाहिलं. मग तख्तापर्यंत सरकत गेला आणि चार बोटांच्या फटीतून हात आत घातला, कोपरापर्यंत. मला वाटलं काही पडलंय ते शोधतोय. हात बाहेर काढून त्याने मला विचारलं, अगदी मऊ आवाजात:

"बीबीजी, पोछा गीला तो नहीं लगता?"

चार साहेब माझ्याकडे बघत होते. नवरा खिडकीपाशी होता, मुलगी दारात. माझ्या घराच्या स्वच्छतेचं कॉलनीत नाव होतं. टापटीप, हिशेबी, कशात चुकायची नाही अशी मी. आणि शिफारसही माझीच. मी म्हटलं:

"गीला? नहीं तो. सूखा कपड़ा. रोज."

तो माझ्याकडे बघत राहिला. फार वेळ नाही, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात जायला लागतो तेवढाच. मग उठला, गुडघे झटकले आणि सेक्रेटरींना म्हणाला, "तो फिर लकड़ी ही कच्ची रही होगी हुजूर. मेरी नजर चूक गई."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. एक खोटं बोलून झालं होतं आणि ते पुरलंही होतं. पण मी पुढे म्हटलं, "मुझे तो तभी लगा था."

हे वाक्य मला आजही जेवताना, भाजी निवडताना, कधीही आठवतं. पहिलं खोटं घाबरून बोलले असं म्हणता येईल. दुसऱ्याला तेवढीही सबब नाही.

आणि गंमत अशी, की मी त्याच्या बोलण्याला कबुली समजले. आमच्याकडे माणूस चुकला नसेल तर ओरडून सांगतो. हा ओरडला नाही, म्हणजे चुकला असणार. तीन आठवड्यांत मी स्वतःलाही पटवून टाकलं होतं की लाकूडच कच्चं, माझ्या फडक्याचा काही संबंध नाही. चार जणींना तसं सांगितलंही. त्यातल्या एकीच्या घरी तो जमीन करणार होता.

तर तख्त सरकवल्यावर मी अर्धा तास तिथंच बसले. मग हात धुतले, साडी बदलली आणि सवारी टेम्पो पकडून चौकात गेले.

चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांच्या मागे एक गल्ली आहे, तिथं त्याचं दुकान. दुकान कसलं, एका दाराच्या रुंदीची खोली. तो एका चौकटीला रंधा मारत होता. शेजारच्या ओट्यावर एक लिहाफवाला, म्हणजे रजया भरणारा, कापूस पिंजत बसला होता.

"आदाब, बीबीजी. दिवाली की सफाई छोड़ के? खैरियत?"

वाटेत मी माफीची तीन वाक्यं जुळवली होती. तोंडातून आलं ते असं: "वो जमीन का कुछ करना है."

"पटरे अब भी उठे हैं?"

"हाँ."

त्याने रंध्यावरचा भुसा फुंकला. वर बघितलं नाही. "तख्त के नीचे के भी?"

गल्लीतून एक सायकल रिक्षा गेली, तिला जागा द्यायला मी भिंतीला चिकटले. ती गेल्यावर म्हटलं, "आपको मालूम था?"

"हाथ डाला था न उस दिन. नीचे तो ऐसा था जैसे आज ही बिछाया हो."

"तो बोले क्यों नहीं?" माझा आवाज चढला. रागावण्याचा हक्क मला कुठून आला कोण जाणे.

"किससे बोलता? आपके साहब खड़े थे, चार साहब और खड़े थे, बिटिया खड़ी थी. आपने फरमाया, पानी नहीं लगता. अब मैं कहूँ कि लगता है? पराये घर में, घर की मालकिन को?" तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "हमारे यहाँ तो दुश्मन को भी झूठा नहीं कहते, बीबीजी. कहते हैं, आपको याद न रहा होगा."

लिहाफवाला पिंजणं थांबवून म्हणाला, "हाँ हाँ. चचा की तहजीब है न. इस जाड़े में वही ओढ़ेंगे, मेरा लिहाफ कौन लेगा."

"तू अपनी रुई देख," मिस्त्री त्याला म्हणाला. मग मला, तसंच सहज: "छावनी के दो घरों ने भी मना कर दिया. क्लब का तो खैर, चिनहट वाले ले जा रहे हैं. उखाड़ेंगे. सौ साल का सागवान है, जलाने में जाएगा."

हाच क्षण होता. गल्लीत ऐकायला लिहाफवाला सोडून कोणी नव्हतं. माझी चूक झाली, मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, "रंधा मारून सरळ होईल का?" तेही मराठीत. मग हिंदीत परत विचारलं.

त्याने तेही नीट सांगितलं. आत्ता रंधा मारू नका. कडा तासल्या जातील, आणि लाकूड सुकलं की मधून कुबड निघेल. हिवाळाभर पाण्याचा थेंब लागू देऊ नका, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, बरंचसं लाकूड आपणच खाली बसेल. उरलेलं फाल्गुनात बघू.

"आप आएँगे?"

"बुलाइएगा तो आएँगे." त्याने चौकट उलटी केली. "मगर कच्ची लकड़ी वाले को बुलाता कौन है."

मी घरी आले. रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. कमिटीत तोही होता.

"अगं, जाऊ दे ना आता. उद्या दहाला ठेकेदाराच्या कागदावर सह्या होतायत. टाइल्स काय वाईट असतात?"

"अहो, पण मी खोटं बोलले."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. रोज सकाळी चहा घेताना मी काय बघतो? तुझी बादली."

"मग गप्प का बसलात?"

"तू बोलून गेल्यावर मी काय बोलणार? चार लोकांत बायकोला खोटं पाडू?"

म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत मला धरून चार जणांना खरं माहीत होतं. मिस्त्रीला, नवऱ्याला, मुलीला. तिघांनीही माझी लाज राखली. मिस्त्रीची कोणी राखली नाही, आणि ती राखणं फक्त मला शक्य होतं.

मुलगी ताटं मांडत होती. म्हणाली, "मम्मी, आप बोल दो न. ज्यादा से ज्यादा क्या होगा?"

"हसतील," नवरा म्हणाला. "आणि मग ही क्लबात काही सांगायला लागली की म्हणतील, भाभीजी, पोछा कैसा है. वर्षभर."

तो खोटं बोलत नव्हता. मला नेमकी त्याचीच भीती होती. पैशाची नाही, कुणी ओरडेल याची नाही. हसतील याची. एका म्हाताऱ्याचा हिवाळा एका पारड्यात आणि चार पुरुषांचं हसणं दुसऱ्यात, आणि तीन आठवडे माझ्याकडे हसण्याचं पारडं खाली होतं. हे स्वतःबद्दल कळणं काही चांगलं नसतं. मी भाकऱ्या केल्या, वाढल्या, भांडी लावली. दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली पुसली नाही. पावणेदहाला क्लबात गेले. नवरा आधीच तिथं होता. मला बघून त्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. टेबलावर कागद होते, समोशांची बशी होती, आणि ठेकेदार नव्या सफारीत बसला होता.

"आइए भाभीजी," सेक्रेटरी म्हणाले. "चाय?"

मी उभीच राहिले. म्हटलं, आमच्या जमिनीचं लाकूड कच्चं नव्हतं. मी रोज ओल्या फडक्याने पुसत होते आणि गणपतीला दोन बादल्या पाणी ओतलं. मिस्त्रीने विचारलं तेव्हा मी तुमच्यासमोर खोटं सांगितलं. तख्ताखाली जिथं माझं फडकं पोचलं नाही तिथली जमीन आजही सपाट आहे, येऊन बघा.

सांगताना माझं हिंदी पार बिघडलं. कोणी लगेच हसलं नाही. मग एक म्हणाले, "दो बाल्टी?" आणि हसू आवरायला त्यांनी समोसा उचलला.

सेक्रेटरी चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला वाचवायचा प्रयत्न केला. "अरे भाभीजी, छोड़िए. आपको याद न रहा होगा."

तेच वाक्य. काल ऐकलं नसतं तर मी ते घेतलं असतं आणि घरी गेले असते.

"याद था," मी म्हटलं. "एक कागज दीजिए."

त्यांच्या समोरच्या पॅडवरचा एक कागद घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. चार ओळी. मिस्त्रीची लाकडं चांगली होती, काम चांगलं होतं, नुकसान मी केलं, खोटं मी बोलले. खाली सही केली, तारीख घातली.

सेक्रेटरींनी तो दुमडला. "ठीक है. फाइल में लगा देंगे."

"पहले पढ़िए," मी म्हटलं. "जोर से."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा अजून चष्मा पुसत होता. मग त्यांनी कागद उलगडला आणि वाचला, सावकाश, एकेक शब्द. ठेकेदार छताकडे बघत होता. "झूठ" या शब्दाशी ते जरा अडखळले, मग तोही वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी तो कागद ठेकेदाराच्या कागदांच्या वर ठेवला आणि म्हणाले, आज सह्या होणार नाहीत, आधी मिस्त्रीला बोलावून घेऊ.

समोसेवाले गृहस्थ आता उघड हसत होते. मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडले.